इलेक्ट्रिक सायकलच्या बॅटरीवर प्रखर हेडलाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रिक सायकलच्या फ्रेमवर साडेतीनशे ते पाचशे वॅट-तासांची बॅटरी असते आणि हँडलवर मात्र दर दोन दिवसांनी चार्जिंगला लावावी लागणारी इवलीशी टॉर्च. मग मोठ्या बॅटरीवरच चांगला दिवा का चालवू नये, असा प्रश्न पडतोच. चालवता येतो, आणि चालवावाच. फक्त एक गोष्ट आधीपासून डोक्यात असू द्या. वाटेत अचानक विझणारा प्रखर दिवा हा मंद दिव्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण डोळे त्या उजेडाला सरावलेले असतात आणि वेगही त्याच्याच भरवशावर धरलेला असतो. म्हणून खालच्या उत्तरांत ‘किती प्रखर’ यापेक्षा ‘विझणार तर नाही ना’ याचीच चर्चा जास्त आहे.

दिवा थेट सायकलच्या बॅटरीला जोडला तर चालतो का?

दिव्यावर छापलेला व्होल्टेजचा वरचा आकडा तुमच्या बॅटरीच्या पूर्ण चार्जपेक्षा चांगला मोठा असेल, तर चालतो. इथे बहुतेकांची गफलत होते ती बॅटरीच्या नावामुळे. ‘३६ व्होल्ट’ची बॅटरी म्हणजे एकापुढे एक जोडलेले लिथियम-आयनचे १० सेल. पूर्ण चार्ज झाल्यावर ती ४२ व्होल्ट दाखवते आणि संपत आली की ३० च्या आसपास येते. ‘४८ व्होल्ट’मध्ये बहुधा १३ सेल असतात, म्हणजे पूर्ण चार्जला ५४.६ व्होल्ट. १४ सेलची ‘५२ व्होल्ट’ बॅटरी ५८.८ पर्यंत जाते. नावातला आकडा सरासरीचा असतो. दिव्याला सोसावा लागतो तो वरचा आकडा.

‘१२ व्होल्ट’ लिहिलेला दिवा थेट जोडाल तर तो क्षणात जाईल. ‘१२ ते ८० व्होल्ट’ लिहिलेले, मोटरसायकलसाठी बनवलेले एलईडी दिवे मिळतात. त्यांच्या पोटात स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवा तेवढाच करंट देणारं सर्किट, असतो आणि ते ३६ किंवा ४८ व्होल्टवर सरळ चालतात. मात्र स्वस्त दिव्यांत लेबलवर ८० आणि आतला कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा, छोट्या डबीसारखा भाग) ६३ व्होल्टचा, असंही आढळतं. मागचं झाकण चार स्क्रूंवर असेल तर उघडून कपॅसिटरवरचा आकडा वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण लेबलपेक्षा तो आकडा जास्त खरा.

मग १२ व्होल्टच्या दिव्यासाठी कन्व्हर्टर कोणता घ्यावा?

व्होल्टेज उतरवणारा, म्हणजे बक कन्व्हर्टर. सगळ्यात सहज मिळतात ते एलएम२५९६ या चिपवरचे छोटे निळे मॉड्यूल, आणि नेमके तेच इथे चालत नाहीत. या चिपच्या साध्या आवृत्तीची इनपुट मर्यादा ४० व्होल्ट आहे. ३६ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असताना ४२ देते, म्हणजे सायकल चार्जिंगवरून काढल्याबरोबर तुम्ही मर्यादेच्या बाहेर असता.

हे मी माझ्याच सायकलवर अनुभवलंय. माझा पहिला मॉड्यूल ४० व्होल्ट मर्यादेचाच होता. बॅटरी अर्धी असताना जोडला होता, म्हणून आठवडाभर छान चालला. मग एका संध्याकाळी बॅटरी पूर्ण चार्ज करून खाचेत बसवली. ‘टक्’ असा बारीक आवाज आला, दिवा एकदा डोळे दिपतील इतका पांढराशुभ्र पेटला आणि विझला. काचेमागे एलईडीच्या मधोमध एक करडा डाग राहिला होता आणि मॉड्यूलला जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. कन्व्हर्टर शॉर्ट झाला आणि जाताना ४२ व्होल्ट सरळ दिव्यात सोडून गेला.

त्यात आणखी एक बारकावा आहे. बॅटरी खाचेत बसवतानाच्या क्षणी कन्व्हर्टरचे रिकामे कपॅसिटर एकदम भरतात. लांब वायर आणि छोटे सिरॅमिक कपॅसिटर एकत्र आले की व्होल्टेज उसळी मारतं, आणि ही उसळी बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते. क्षणाच्या अगदी लहानशा भागापुरतीच, पण चिप मारायला तेवढं पुरतं. म्हणून ५४.६ व्होल्टच्या बॅटरीला ‘६० व्होल्ट’चा कन्व्हर्टर लावणं मला पटत नाही. ३६ व्होल्टच्या बॅटरीला किमान ६० चा आणि ४८ किंवा ५२ ला ८० ते १०० व्होल्ट सोसणारा घ्या. मॉड्यूल उघडा असेल तर त्याच्या इनपुटवर ४७ ते १०० मायक्रोफॅरडचा, १०० व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडला की उसळी बरीच दबते. त्याची उलट-सुलट बाजू मात्र नीट बघा.

सायकलसाठी शक्यतो ॲल्युमिनियमच्या डबीत इपॉक्सी ओतून बंद केलेला कन्व्हर्टर निवडा. पाणी आत जात नाही, हादऱ्यांनी सोल्डर तडकत नाही आणि उष्णता डबीवाटे बाहेर पडते. दिवा १० वॅटचा असेल तर कन्व्हर्टर २० वॅटचा घ्या. छापील क्षमतेच्या काठावर चालवलेला कन्व्हर्टर तापतो आणि उन्हाळ्यात आधी तोच जातो.

कन्व्हर्टर बिघडला तर दिवाही जाईलच का?

जाऊ शकतो, कारण साध्या बक कन्व्हर्टरमधला मुख्य स्विच बहुधा शॉर्ट होऊनच मरतो आणि बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज पुढे जातं. यावर उपाय म्हणजे आउटपुटच्या बाजूला १५ व्होल्टच्या आसपासचा टीव्हीएस (उसळी दाबणारा) डायोड आणि त्याच्या आधी २ ॲम्पिअरचा फ्यूज. व्होल्टेज वर गेलं की डायोड ते दाबून धरतो आणि फ्यूज उडतो. दिवा वाचतो. अंधार मात्र होतोच, म्हणून त्यापुढच्या तयारीबद्दल खाली लिहिलंय.

बॅटरीतल्या तीन-चार सेलांवरूनच १२ व्होल्ट काढले तर कन्व्हर्टर वाचेल ना?

कन्व्हर्टर वाचेल, बॅटरी जाईल. एकापुढे एक जोडलेल्या सेलांपैकी फक्त तीनच जास्त वापरले की ते बाकीच्यांच्या मागे पडतात. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं, सेलांवर नजर ठेवणारं आणि गरज पडली तर बॅटरीची वीज तोडणारं सर्किट. त्याचं बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे करणं, फार थोड्या, मोजक्या मिलिॲम्पिअरच्या करंटवर आणि बहुधा चार्जिंगच्या शेवटीच चालतं. रोज रात्री तासभर ओढलेली वीज ते भरून काढू शकत नाही. मग तेच तीन सेल सगळ्यात आधी रिकामे होतात, बीएमएस सगळी बॅटरी तोडतो आणि सायकल अर्ध्या अंतरात थांबते. शिवाय त्यासाठी बॅटरी उघडावी लागते, आणि उघड्या पॅकमध्ये पाना किंवा स्क्रूड्रायव्हर निसटला तर आग लागू शकते. हे करूच नका.

वीज नेमकी कुठून घ्यावी?

तीन जागा आहेत.

पहिली म्हणजे कंट्रोलरचा (मोटरला वीज सोडणाऱ्या पेटीचा) किंवा मोटरचा दिव्यासाठीचा खास पोर्ट. पॅडलजवळ मोटर असलेल्या अनेक सायकलींत ६ किंवा १२ व्होल्टचा असा पोर्ट असतो आणि दिवा डिस्प्लेच्या बटणावरून लागतो. तो असेल तर आधी तोच वापरा, वॉरंटीचाही प्रश्न येत नाही. फक्त तो किती वॅट देतो ते माहितीपुस्तिकेत बघा. ६ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर म्हणजे ३ वॅट झाले. त्यावर १० वॅटचा दिवा लावलात तर दिवा लागणार नाही किंवा पोर्टच जाईल.

दुसरी जागा म्हणजे डिस्प्लेकडून कंट्रोलरकडे येणारी ‘लॉक’ वायर. सायकल चालू केली की तिच्यावर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज येतं, म्हणून ती सोयीची वाटते. पण ती वायर कंट्रोलरला जागं करण्यापुरती असते. डिस्प्लेच्या आतल्या बारीक पट्टीतून तिचा करंट जातो. दिव्याचा भार टाकलात तर ती पट्टी जळते आणि मग सायकलच सुरू होत नाही. तिचा उपयोग फक्त इशाऱ्यापुरता करा, म्हणजे छोटा रिले किंवा मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू-बंद करायला.

तिसरी, आणि माझ्या मते प्रखर दिव्यासाठी सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे बॅटरीचा कनेक्टर आणि कंट्रोलर यांच्यामधली मुख्य वायर. तिथून एक फाटा काढायचा. मुख्य केबल न कापता, दोन्ही टोकांना तसेच कनेक्टर असलेली वाय आकाराची जोडणी बनवून मध्ये घातली तर सायकल कधीही पूर्ववत करता येते. परतीची वायर स्वतंत्र ओढा. मोटरसायकलसारखी फ्रेम ‘अर्थ’ म्हणून वापरायची नाही, सायकलची फ्रेम वीज वाहायला केलेली नसते.

बॅटरी संपली की दिवाही जाणार. मग?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सगळ्यात कमी विचारला जातो.

बॅटरीची वीज दोन टप्प्यांवर तोडली जाते. आधी कंट्रोलर बघतो. ३६ व्होल्टच्या प्रणालीत ३१ व्होल्टच्या आसपास तो मोटर थांबवतो, पण बॅटरी चालूच असते. तिथे दिवा टिकतो, आणि दिव्याला लागते एवढीशी वीज तर उरलेलीच असते. त्याच्याही खाली गेलं की बीएमएस पूर्ण बॅटरी तोडतो आणि मग काहीच चालत नाही. म्हणजे कंट्रोलरची मर्यादा बीएमएसच्या मर्यादेपेक्षा नीट वर असेल तर मोटर आधी हात टेकते आणि दिवा घरापर्यंत साथ देतो. ज्या कंट्रोलरमध्ये ही मर्यादा बदलता येते तिथे ती एखाद-दुसरा व्होल्ट वर घ्या. शेवटचे दीड-दोन किलोमीटर मोटर कमी मिळेल, पण उजेड मिळेल.

जुन्या बॅटरीत वेगळंच होतं. चढावर मोटर जोरात करंट ओढते तेव्हा सगळ्यात कमकुवत सेलचं व्होल्टेज क्षणभर कोसळतं, आणि डिस्प्लेवर दोन काड्या दिसत असतानाही बीएमएस तोडतो. एकाच क्षणी मोटरही नाही आणि दिवाही नाही, तेही चढावर, वळणावर, गर्द झाडीखाली. मी एकदा असा अडकलोय. डोळ्यांसमोर नुसती काळी भिंत, आणि रस्त्याची कड पायानं चाचपत उतरावं लागलं. त्या दिवसापासून माझ्या हँडलवर स्वतःच्या सेलवर चालणारा एक छोटा दिवाही असतो, आणि अंधार पडला की तो मंद चालूच असतो. खिशात ठेवलेली टॉर्च अशा वेळी हाताशी लागत नाही, म्हणून ‘चालू’ या शब्दावर माझा भर आहे.

जर्मनीच्या वाहन नियमांत हा विचार केलेला दिसतो. मोटरच्याच बॅटरीवर दिवे चालवायचे असतील तर बॅटरी संपून मोटर बंद पडल्यावरही दिव्यांना किमान २ तास वीज मिळायला हवी, किंवा मोटरनं जनित्राचं काम करून ती पुरवायला हवी, असं तिथे सांगितलंय. तुमच्या सायकलवर असा नियम लागू असो वा नसो, ही कसोटी स्वतःच्या सायकलला लावून बघा.

किती वॅट, किती लुमेन पुरतात?

उलट बाजूनं सुरू करा: थांबायला किती अंतर लागतं? ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तर साडेदहा मीटर तिथेच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकला आणखी ६ मीटर लागतात. एकूण १६-१७, ओल्यात २० च्या आसपास. म्हणजे २० मीटरवरचा खड्डा स्पष्ट दिसला पाहिजे. वेग ताशी ४५ केलात तर हेच अंतर जवळपास ३८ मीटर होतं.

अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. १० मीटरवर १० लक्स (रस्त्यावर पडणाऱ्या उजेडाचं माप) देणारा दिवा २० मीटरवर अडीच आणि ४० मीटरवर जेमतेम ०.६ लक्स देतो. तुलनेसाठी, पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं.

लुमेन म्हणजे चारी दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण उजेड, लक्स म्हणजे रस्त्यावर प्रत्यक्ष पडणारा. त्यामुळे झोत नीट बांधलेला ५ वॅटचा दिवा झाडांच्या शेंड्यांना उजळणाऱ्या २० वॅटच्या दिव्यापेक्षा रस्ता चांगला दाखवतो. ताशी २५ च्या सायकलला चांगल्या झोताचे ५ ते १० वॅट भरपूर झाले. १५-२० वॅटचा विचार वेग ४० च्या पुढे असेल किंवा कच्च्या, खाचखळग्यांच्या वाटेनं जायचं असेल तरच करा.

खोक्यावरच्या लुमेनवर विसंबू नका. मल्टिमीटरनं दिव्याचा करंट मोजा, व्होल्टेजनं गुणा, आणि वॅटला १०० लुमेन धरा. १० वॅट ओढणारा दिवा हजाराच्या आसपास लुमेन देईल. त्याच्यावर १०,००० लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

दिव्यामुळे सायकलची रेंज किती घटते?

नगण्य. १० वॅटचा दिवा दोन तास लावला तर कन्व्हर्टरमधला तोटा धरून २२ वॅट-तास जातात. ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास असतात. किलोमीटरला साधारण १० वॅट-तास लागत असतील तर दोन किलोमीटर कमी झाले, एवढंच. यासाठी दिवा बंद ठेवून जाऊ नका.

फ्यूज, वायर आणि स्विच कसे निवडावेत?

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. तो हँडलजवळ लावला तर मधली सगळी वायर असुरक्षित राहते, आणि फ्रेमला घासून सोलली जाते ती तीच. सायकलची बॅटरी शॉर्ट झाली की क्षणात शेकडो ॲम्पिअर देऊ शकते, बारीक वायर लगेच लालबुंद होते. १० वॅटचा दिवा ३६ व्होल्टच्या बाजूला ०.४ ॲम्पिअरही ओढत नाही, म्हणून १ ॲम्पिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज पुरतो. गाड्यांतले पातीचे फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचेच असतात. त्याहून जास्त व्होल्टेजला ते उडाले तरी आत ठिणगी चालू राहू शकते. ५८ व्होल्टचे पातीचे फ्यूज मिळतात, ते घ्या. बॅटरी पूर्ण चार्जला ५८ च्याही वर जाणारी असेल तर जास्त डीसी व्होल्टेजचा सिरॅमिक फ्यूज लावा.

वायरीला ०.५ चौरस मिलिमीटर तांबं पुरेसं आहे. जाऊन-येऊन ४ मीटर वायर धरली तर रोध ०.१४ ओहम होतो. १० वॅटला ३६ व्होल्टवर त्यात ०.०४ व्होल्ट पडतो, १२ वर ०.११ आणि ६ वर ०.२३. त्यामुळे कन्व्हर्टर दिव्याजवळ ठेवला तर वायर बारीक चालते.

स्विच कन्व्हर्टरच्या आधी लावा. नंतर लावला तर दिवा बंद असूनही कन्व्हर्टर जागा राहतो आणि सतत थोडी वीज पीत राहतो. फक्त १० मिलिॲम्पिअर धरले तरी १० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ४१ दिवसांत रिकामी होते. सुट्टीवर जाऊन परतल्यावर मेलेली बॅटरी सापडते ती बरेचदा अशी. स्विचवर डीसीचा आकडा लिहिलेला हवा. ‘२५० व्होल्ट एसी’ लिहिलेला खटका डीसीला तेवढा सोसत नाही.

डायनॅमोचा चांगला दिवा आहे, तोच ६ व्होल्टवर चालेल?

दिव्यावर डीसीचा उल्लेख असेल तरच. हब डायनॅमो (चाकाच्या मधोमध बसवलेला) कितीही वेगात फिरवला तरी साधारण अर्धा ॲम्पिअरच देतो, आणि काही डायनॅमो-दिवे त्याच मर्यादेच्या भरवशावर बांधलेले असतात. बॅटरी किंवा कन्व्हर्टर असा हात आखडता घेत नाही, आणि दिवा तापून जातो. अनेक चांगल्या दिव्यांची इलेक्ट्रिक सायकलसाठी वेगळी आवृत्ती असते, ती घ्या.

मागचा लाल दिवा त्याच कन्व्हर्टरवर चालेल का?

हो, व्होल्टेज जुळत असेल तर. अर्ध्या वॅटचा तर असतो. पण पुढचा आणि मागचा एकाच वेळी विझू नये म्हणून मागे स्वतःच्या सेलवरचा एक लाल दिवा असू द्या.

उतारावर ब्रेकनं बॅटरी चार्ज होणारी मोटर आहे. काही वेगळं करावं लागतं?

कन्व्हर्टर आणखी वरच्या मर्यादेचा घ्या. बॅटरी पूर्ण भरलेली असताना उतारावर वीज परत येऊ लागली आणि बीएमएसनं बॅटरी तोडली, तर त्या विजेला जायला जागा उरत नाही आणि वायरींवरचं व्होल्टेज चढतं. कंट्रोलर ते आवरतो, पण तोवर दिव्याच्या कन्व्हर्टरला ते सोसावं लागतं.

समोरून येणारे ओरडतात. झोत कसा लावू?

त्यांचं बरोबर आहे. दिपलेला समोरचा माणूस तुमच्याच अंगावर येऊ शकतो. झोताची वरची कड सरळ कापलेला दिवा घ्या. गोल झोताचे मोटरसायकलचे जादा दिवे यासाठी वाईट.

लावताना सायकल भिंतीपासून ५ मीटरवर, सपाट जागी, तुम्ही वर बसलेले असताना उभी करा. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंच असेल आणि झोताची वरची कड २० मीटरवर जमिनीला टेकवायची असेल, तर दर मीटरला साडेचार सेंटिमीटर उतार हवा. म्हणजे भिंतीवर ती कड दिव्याच्या उंचीपेक्षा साडेबावीस सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. भिंतीवर खडूनं रेघ मारून ठेवा आणि पट्टा घट्ट आवळा. खडबडीत रस्त्यावर दिवा हळूहळू वर-खाली सरकतो, म्हणून महिन्यातून एकदा त्या रेघेशी ताडून बघा. आणि रात्री पुढचा प्रखर दिवा लुकलुकत्या मोडवर चालवू नका, त्यातून समोरच्याला तुमचं अंतर आणि वेग कळत नाही.

दिवा खड्ड्यांवर लुकलुकतो. कुठे शोधू?

आधी कनेक्टर. दिवा चालू ठेवून प्रत्येक जोड बोटांनी हलवा, ज्याला हात लावल्यावर लुकलुक होईल तो दोषी. बरेचदा तो हँडलजवळ सापडतो, कारण वळताना वायर तिथे रोज वाकते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा आणि वायर ताणली जात असेल तर ढील द्या. मग फ्यूजचा होल्डर. त्यातली पितळी पकड सैल पडते. पावसानंतरच लुकलुक सुरू झाली असेल तर जोडात हिरवट थर चढलाय का बघा. तसा असेल तर घासत बसू नका, जोड कापून नवा करा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि जोडाच्या खाली वायरीला एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आत शिरणार नाही. मोटर जोर लावतानाच दिवा मंदावत असेल तर मात्र जोडांकडे वळायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज चढावर मोजा. ते फार खाली जात असेल तर सेल थकलेत, आणि दिवा ते तुम्हाला बीएमएसनं बॅटरी तोडण्याआधीच सांगतोय.